वाल्याची गोष्ट कोणी सांगावी?

हा प्रश्न मला एखाद्या शास्त्रीबुवांनी घातला असता तर मी ग्रंथ उघडून बसलो असतो. पण तो घातला माझ्या नातवाने, आणि तोही डोंबिवलीच्या घरी, जेवणाच्या पाटावर, हातात चित्रांचे पुस्तक धरून. त्याच्या वडिलांनी लहानपणी जमवलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा एक गठ्ठा आमच्या माळ्यावर होता. वेताळ, बहादूर वगैरे मंडळी त्यात. तो गठ्ठा नातवाने खाली काढला. शिवाय त्याच्याकडे अमेरिकेतली नवी कॉमिक्सही आहेत. मी हरिपाठ आटोपून पानावर बसलो तसा तो म्हणाला, "आजोबा, खलनायक सुधारला की गोष्टीची मजा जाते. तुम्ही कीर्तनात वाल्याचा वाल्मीकि करता ना, तेव्हा लोक वाल्या ऐकायला बसलेले असतात. वाल्मीकि झाला की चपला शोधायला लागतात."

मी रागावलो. पण रागावलेला माणूस बहुधा खऱ्या गोष्टीलाच रागावतो. कीर्तनाला मी गेली तीस-बत्तीस वर्षे उभा राहतो. रेल्वेत कारकुनी करीत असतानाही शनिवार-रविवार कल्याण, भिवंडी, शीळ, दिवा या बाजूला सेवा असे. रानात वाटसरू आला, वाल्या कुऱ्हाड घेऊन आडवा आला, मेलेल्या माणसामागे एकेक खडा रांजणात पडला, असे सांगू लागलो की पोरेसोरे पुढे सरकतात, म्हातारेही मान वर करतात. वारूळ आले की मंडळी घड्याळ बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग नातवाचे म्हणणे टाकून कसे द्यावे?

तेव्हा त्यालाच विचारले, तुझ्या त्या पुस्तकांत काय करतात? त्याने सांगितले ते मला मोठे उद्बोधक वाटले, म्हणून येथे देतो. बॅटमन नावाचा एक नायक आहे. त्याचा मोठा वैरी जोकर हा १९४० साली बॅटमनच्या पहिल्याच अंकात आला, आणि त्याच अंकाच्या शेवटी तो मरायचा होता. संपादकाने म्हटले, इतका चांगला दुष्ट एकाच अंकात मारून कसे चालेल? मग शेवटी एक चित्र जादा काढून त्याला जिवंत ठेवला. तो आज ऐंशीवर वर्षे झाली तरी जिवंतच आहे. सुधारत नाही आणि मरतही नाही. बरे, अमेरिकेतल्या आईबापांना या पुस्तकांची धास्ती वाटली नाही असे नाही. १९५४ साली प्रकाशकांनी आपणच एक नियमावली केली. गुन्हेगाराविषयी वाचकाला सहानुभूती वाटेल असे काही छापायचे नाही, शेवटी चांगल्याचाच जय दाखवायचा आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. शिक्षा होई, पुढच्या महिन्यात तो पुन्हा तुरुंगातून बाहेर येई, कारण पुढचा अंक काढायचा असे.

दुसरा मॅग्नेटो. हा १९६३ साली निव्वळ दुष्ट म्हणून आला. पुढे लेखकांनी त्याचे पूर्वचरित्र लिहिले, की हा लहानपणी हिटलरच्या छळछावणीतून वाचलेला पोर. १९८५ साली तर त्याला सुधारून, ज्यांच्याशी तो लढत असे त्यांच्याच शाळेचा चालक केले. सहाच वर्षांनी, १९९१ साली, नवी मालिका काढली तेव्हा तो पुन्हा वैरी म्हणून उभा, आणि त्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती खपल्या. नातू म्हणतो, "बघा आजोबा, सुधारलेला चालला नाही."

मी म्हटले, बाबा, चालला नाही तो कोणाला? दुकानदाराला.

पण एवढ्याने उत्तर झाले असे माझ्या मनाला वाटेना. कारण आपल्याकडेही दुष्टाला दुष्टच ठेवण्याची चाल आहे, आणि ती दुकानदारीची नव्हे. जय-विजयांची कथा आपण सर्व जाणतो. वैकुंठाचे द्वारपाल, सनकादिकांचा शाप झाला. भक्त होऊन सात जन्म घ्याल की वैरी होऊन तीन, असे विचारल्यावर त्यांनी तीन पत्करले, का, तर लवकर परत यायला मिळेल. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र हे त्यांचेच अवतार. आता रावणाला मधेच उपरती झाली असती तर? बिभीषणाने सांगून पाहिले, मंदोदरीने सांगून पाहिले. तो ऐकता, तर सीतामाई परत जाती, सेतू अर्धाच राहता, आणि द्वारपालांना आणखी जन्म घ्यावे लागते. कंसही तसाच. खाता-पिता, झोपता-उठता त्याला कृष्णच दिसे, तो भयाने. भागवतात नारद धर्मराजाला हेच सांगतात, की प्रेमाने असो, भयाने असो, द्वेषाने असो, मन तेथे गुंतले की काम झाले. म्हणजे वैर हासुद्धा एक रस्ता झाला. खडतर, पण रस्ता.

मात्र हे देवाच्या लीलेत शोभते. रावण कोणाच्या शेजारी राहात नव्हता. आपल्या शेजारी राहणाऱ्या माणसाला "तू दुष्टच राहा, कथेला बरे पडते" असे म्हणता येत नाही. ज्ञानोबारायांनी ग्रंथाच्या शेवटी मागणे मागितले ते दुष्टांच्या नाशाचे नव्हे. त्यांचा वाकडेपणा तेवढा गळून पडावा, एवढेच. शके १२१२ पासून आपण ते मागणे रोज म्हणत आलो, आणि म्हणून झाले की शेजाऱ्याकडे त्याच जुन्या डोळ्यांनी पाहत आलो.

येथे ठाण्याचा विषय काढतो. ठाणे स्टेशनावरून उतरून गावात गेले की मध्यवर्ती कारागृह लागते. मुळात तो किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी घेऊन त्याचा तुरुंग केला. येथे २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिले. अकोले तालुक्यातल्या देवगावचे महादेव कोळी. डोंगरातल्या माणसांच्या जमिनी सावकारांच्या वहीत गेल्या तेव्हा त्यांनी बंड उभारले, सावकारांची नाके कापली असेही त्या काळच्या सरकारी कागदांत आहे. त्या कागदांत त्यांचे नाव दरोडेखोर म्हणून येते. आज आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो. पण वारकऱ्याने ध्यानी ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. बंड मोडल्यावर महिनोन् महिने हुलकावणी देणारा हा मनुष्य इंग्रजांच्या हाती लागला तो २ जानेवारी १८४८ रोजी, आणि कोठे? पंढरपुरात. त्यांना पकडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक गुन्हेगार होता. विठोबाच्या डोळ्यांसमोर कोण होता ते मी काय सांगावे? त्यांना कोणी सुधारले नाही. सुधारण्यासारखे त्यांत काय होते, हाच प्रश्न. त्याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे आणि त्यांचे दोन सोबती, कर्वे व देशपांडे, फाशी गेले. तेही कागदावर खुनीच. तेव्हा कॉमिक्सवाल्यांचा प्रश्न, की खलनायक गुन्हेगार म्हणून बरा की सुधारलेला बरा, हा विचारण्याच्या अगोदर एक प्रश्न असतो: खलनायक हे नाव ठेवले कोणी? इंग्रजाने तर १८७१ साली कायदाच केला, की अमुक अमुक जमातीत जन्मला तो जन्मतःच गुन्हेगार. तो कायदा १९५२ साली गेला. नजर अजून गेली नाही.

नजर म्हणतो ती माझीही. ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात माझे एकदा कीर्तन होते. वाल्या कोळ्याचे आख्यान लावले. रंगले, असे मला वाटले. आरती झाल्यावर एक आजी पाया पडायला आल्या, आणि हळूच म्हणाल्या, "बुवा, येक इचारू? वाल्या मानसं मारत होता तवा तुमी त्याला धा वेळा कोळी म्हनलात. वाल्मीकि जाला आनि रामायन लिवलं, तवा येकदा पन कोळी म्हनला नाय. मंग तो कोनाचा जाला?" मला वाटले त्या रागावल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांच्या घरात वाल्मीकींची तसबीर होती, तिला रोज फूल वाहत होत्या. जात काढून टाका असेही त्यांचे म्हणणे नव्हते. सुरुवातीला घेता तर शेवटीही घ्या, एवढेच.

घरी येऊन ग्रंथ पाहिले. वाल्मीकींच्या स्वतःच्या रामायणात ही वाटमारीची कथा नाहीच. अध्यात्म रामायणात आहे. तेथे ते जन्माने द्विज होते, किरातांत वाढले, चोरांच्या संगतीला लागले, असे आहे. कोळी हा शब्द आपल्या इकडच्या सांगण्यात आला. आणि त्याहून मोठी गोष्ट मला इतकी वर्षे वाचूनही दिसली नव्हती, ती ही की अध्यात्म रामायणात ही हकीकत वाल्मीकि स्वतः सांगतात. वनवासात राम त्यांच्या आश्रमात येतात, तेव्हा नामाचा महिमा सांगताना ते म्हणतात, मी असा होतो. दुसरा कोणी त्यांच्याकडे बोट दाखवून "हा असा होता" म्हणत नाही.

येथे मला रामेश्वरभट आठवले. वाघोलीचे विद्वान. त्यांच्यामुळे तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पुढे अंगाची आग झाली, ती तुकोबांच्याच शब्दाने शमली, आणि तेच रामेश्वरभट तुकोबांचे होऊन राहिले. आपण म्हणतो ती तुकोबांची आरती त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे आपण रोज एका सुधारलेल्या वैऱ्याच्या तोंडून तुकोबांना ओवाळतो. पण त्यांनी पश्चात्ताप केला तो आपल्याच तोंडाने, आपल्याच शब्दांत.

उलट मंबाजी. त्याने काट्यांच्या फोकाने तुकोबांना मारले. तुकोबांनी त्यालाच नमस्कार घालून कीर्तनाला बोलावले, ही कथा महिपतींनी गोड करून सांगितली आहे, आणि ऐकताना वाटते, चला, हाही निवळला. पण बहिणाबाई त्याच काळात देहूला होत्या. त्यांनी मंबाजीचा जाच स्वतः भोगला, त्याने त्यांच्या गाईला मारले, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत लिहून ठेवले आहे. महिपती शंभरावर वर्षांनी लिहिणार, बहिणाबाई सोसून लिहिणार. संतचरित्रकारावर माझी श्रद्धा आहे. तरी मंबाजी सुधारला की नाही हे विचारायचे झाले तर मी अगोदर बहिणाबाईंकडे जाईन. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटात सालोमालो आहे. लोक त्याला पाहून हसतात आणि तो आमच्या पिढीच्या लक्षात राहिला आहे. तो सुधारला असता तर लक्षात राहता का, हे नातू विचारील. विचारू दे.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली ते सांगतो.

कल्याणच्या बाजूला एका गावी आमचे भजनी मंडळ आहे. तेथला एक गृहस्थ शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात चुलतभावावर कोयता चालवून बसला. चुलतभाऊ गेला. याला शिक्षा झाली, पुष्कळ वर्षे आत काढली. सुटून आला तेव्हा केस पांढरे झाले होते. आळंदीला जाऊन माळ घातली, हरिपाठाला येऊ लागला. हात मूळचाच चांगला, मृदंग धरला. आम्हां कीर्तनकारांना काय, आयताच दृष्टान्त मिळाला! मी असो, बाहेरून येणारे महाराज असोत, वाल्याचे आख्यान आले की नजर मृदंगाकडे जाई. कोणी तर हात करून दाखवी, "अहो, लांब कशाला जाता, येथेच बसला आहे." लोकांचे डोळे पाणावत. तो मान खाली घालून बोल वाजवीत राही.

एकदा तो घरी आला. म्हणाला, "बुवा, मला वाल्मीकि करू नका. तुम्ही मला वर चढवता ना, त्याच्या आधी दर वेळी एकदा खाली पाडता. दर सप्त्यात माझ्या हातून तो परत मरतो." मला काही सुचले नाही. चहा झाला, तो गेला.

त्यानंतर मी पाहू लागलो. खरे तर फार अगोदर पाहायला हवे होते. बायकांच्या बाजूला, खांबाजवळ, एक बाई बसत. वाल्याचे आख्यान सुरू झाले आणि लोक मृदंगाकडे पाहू लागले की त्या उठून बाहेर जात. ओट्यावर बसत. पसायदानाला परत येत. ती त्या गेलेल्या चुलतभावाची बायको. इतकी वर्षे आम्ही सारे रडत होतो आणि ती एकटी बाहेर जात होती, याची कोणाला दखल नव्हती. रांजणातले खडे आम्ही मोजून सांगतो, सात रांजण म्हणतो. एकेका खड्यामागे एक घर होते, तेथे कोणी चूल विझवून बसले होते, ते कोणत्या कीर्तनकाराने सांगितले आहे? वाल्याच्या बायकोमुलांना विचारले, पापाचे वाटेकरी व्हाल का. मेलेल्यांच्या बायकोमुलांना कोणी काहीच विचारले नाही.

विनोबाजींनी मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस बागींना शस्त्रे खाली ठेवायला लावली, तेव्हा सगळ्या देशाला भरून आले होते. गागोद्याचा एक मराठी संन्यस्त मनुष्य, हातात काठीसुद्धा नाही. मलाही त्याचा अभिमान आहे. पण त्या वेळी मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख रुस्तमजी यांनी उघड नापसंती दाखवली होती. या माणसांशी लढताना ज्यांचे शिपाई मेले, त्यांना हारतुरे पाहणे जड जाते. शस्त्रे ठेवलेल्यांवर खटले चालले ते योग्यच झाले, असे मला वाटते. हृदय पालटले म्हणून हिशोब मिटत नाही. शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली काढला, त्याच्या मागे औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा खरा प्रयोग होता. खुनाच्या कैद्यांना उघड्या रानात, भिंतीवाचून ठेवून शेती करायला लावण्याचा. त्यातले मला जे आवडते ते हे, की तेथे त्यांना रडायला लावले नाही, नांगर धरायला लावले.

आणखी एक आपल्या जवळचेच सांगतो, मग थांबतो. नालासोपारा, पूर्वीचे शूर्पारक, हे जुन्या ठाणे जिल्ह्यातले. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात राजा म्हणतो, पूर्वीचे राजे शिकारीच्या, करमणुकीच्या यात्रा करीत. माझ्या राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षापासून मी धर्मयात्रा करतो. कलिंगातल्या लाखभर माणसांच्या वधाविषयीचा पश्चात्तापही त्याने दुसऱ्या एका लेखात स्वतःच कोरवून ठेवला आहे. भाटांकडून नव्हे. शिकारीला निघणारे पाय यात्रेला निघाले, एवढा साधा बदल आणि तो दगडावर. वारीला जाणाऱ्याला हा तुकडा आपलासा वाटावा.

तर नातवाला मी काय उत्तर दिले? म्हटले, पुस्तकातला दुष्ट तुला जसा हवा तसा ठेव. जोकर सुधारला नाही तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि मॅग्नेटोला सहा वर्षांनी परत बिघडवला तरी तो कोणाच्या पंक्तीला जेवायला येत नाही. गोष्टीला गुन्हेगार लागतो, हे तुझे खरे. पण जिवंत माणसाला आपण गोष्ट करतो तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी अडकवतो. गुन्हेगार म्हणतो तेव्हाही, आणि सुधारलेला म्हणून मिरवतो तेव्हाही. कारण सुधारणेचा रंग चढायला गुन्हा दर वेळी ताजा करावा लागतो. आपला दोष आपण सांगितला तर अभंग होतो, दुसऱ्याने सांगितला तर चहाडी. नातू म्हणाला, "पण मग तुम्ही कीर्तनात सांगणार काय?" पोरगा हुशार आहे.

यंदाच्या सप्त्यात विण्याच्या पहाऱ्यांची यादी लावायची होती. त्या गृहस्थाने पहिल्यानेच आपले नाव दिले. मंडळात कुजबूज झाली. कोणी म्हणाले, मृदंग निराळा आणि वीणा निराळी. कोणी म्हणाले, माळ घातली तेव्हाच सगळे झाले, आता काय पाहायचे? अर्धा तास वाद चालला. मी एवढेच म्हटले, की खांबाजवळच्या वहिनींना कोणी विचारले आहे काय? कोणी विचारले नव्हते. कोणी जायलाही तयार होईना, म्हणून मीच गेलो. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून घेतले, आणि मान वर न करता म्हणाल्या, "वीणा देवाची आहे, माझी नाही. घेऊ दे. मी त्याला माफ केलं असं मात्र कुठे सांगू नका, मी केलेलं नाही. आणि त्याची गोष्ट सांगणं बंद करा."

यादीत रात्री दोन ते चार या पहाऱ्याला त्याचे नाव लागले, इतरांच्या नावांसारखेच, पुढे-मागे काही न लिहिता. मी त्या रात्री मंडपातच पडलो होतो. दोनला तो आला, आधीच्याच्या पाया पडला, वीणा गळ्यात घेतली आणि उभा राहिला. सातव्या दिवशी माझे कीर्तन होते. राघोजींचे आख्यान लावले, पंढरपुरापर्यंतचे. वहिनी पसायदानापर्यंत बसून होत्या.